मामांच्या डब्ल्यू१२४ ला कुठलं ऑईल? – माझ्या नोंदी

१९ जानेवारी २०२५, किमी २,८७,४१०

काल मामांची गाडी पुण्याहून कोल्हापूरला आणली. १९९६ ची मर्सिडीज ई२५० डिझेल, डब्ल्यू१२४ बॉडी, ओएम६०५ इंजिन. पाच सिलेंडर, वीस व्हॉल्व्ह, २४९७ सीसी, टर्बो नाही. मामा टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) होते, पिंपरीला. १९९४ ला मर्सिडीजनं टेल्कोबरोबर भागीदारी केली आणि १९९५ पासून ह्याच बॉडीच्या गाड्या तिथं जोडायला लागले. मामांचं काम ट्रकच्या बाजूला, पण जेवणाच्या सुट्टीत हे लोक गाड्या बघायला जायचे, आणि तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं म्हणे की रिटायर झाल्यावर ह्यातली एक घ्यायची. २००९ ला जुनी घेतली. आता गुडघ्यामुळं क्लच दाबवत नाही म्हणून मला दिली. किल्ली देताना एकच वाक्य, "हिचं ऑईल बघ, बाकी ती तुला सांभाळेल."

खंबाटकी चढून आल्यावर टोलला थांबले तेव्हा ऑईल प्रेशरचा काटा ०.६ बारवर आलेला. ह्या गाडीत मीटर ० ते ३ बारचं असतं, पळताना काटा वर ३ ला चिकटून राहतो आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, खाली येतो, एवढं मला मामांच्या शेजारी बसून बसून माहीत आहे. पण ते चालवायचे तेव्हा गरम आयडलला सव्वाच्या आसपास दिसायचा. ०.६ बघून पुढचे दीडशे किलोमीटर माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि त्या काट्यावर जास्त होतं.

डिपस्टिकवर लेव्हल किमानच्या जरा वर. ऑईल काळं, ते डिझेलमध्ये असतंच.

२६ जानेवारी

मामांना फोन करून जुनी बिलं शोधायला लावली. फोटो पाठवले त्यांनी. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका गॅरेजनं ५डब्ल्यू-३० (हा ऑईलच्या घट्टपणाचा नंबर) भरलंय, एमबी २२९.५१ वालं (हा मर्सिडीजच्या मंजुरीचा), फुल सिंथेटिक, बिल बघून डोळे पांढरे झाले. "मर्सिडीजला हेच लागतं" असं मामांना सांगितलेलं. दोन वर्षांत गाडी जेमतेम चार हजार किलोमीटर चालली, बाकी वेळ सोसायटीत उभी.

मामा म्हणाले वरून हजाराला जवळपास लिटर टाकावं लागतं. म्हणजे आता दोन प्रश्न झाले, प्रेशर का कमी आणि ऑईल जातंय कुठं.

२ फेब्रुवारी

उद्यमनगरला मिस्त्रीकाकांकडं गेले. माझ्या बाबांच्या आधीपासूनचे आमचे मिस्त्री. कोल्हापुरात विहिरीवरची आणि गुऱ्हाळाची ऑईल इंजिनं बनत होती त्या काळात हे त्याच गल्लीत शिकले, डिझेलचा आवाज ऐकून नोझल कुठला गेलाय सांगतात. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, इंजन एकदम चोख हाय. ऑईल पाण्यावानी भरलंय ह्यात. २०-५० टाका, काटा वर येतोय का नाय बघा."

काटा वर येईल हे खरंच आहे, घट्ट ऑईल टाकलं की प्रेशर वाढतंच. पण काटा वर येणं आणि इंजिनाला हवं ते ऑईल मिळणं ह्या एकच गोष्टी आहेत का, हे मला नीट समजून घ्यायचंय, कारण हे इंजिन बंद पडलं तर दुसरं आणणार कुठून. काकांच्या कपाटातला २०डब्ल्यू-५० चा कॅन हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं. जेएएसओ एमए लिहिलेलं, म्हणजे मोटरसायकलचं, ज्यात क्लच ऑईलमध्येच भिजलेला असतो त्यासाठी बनवलेलं. एपीआय ह्या अमेरिकन दर्जाच्या खुणेपुढं एसएल. एस नं सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची, सी नं सुरू होणारी डिझेलची, ह्या कॅनवर सी कुठंच नाही. काकांना दाखवलं. चष्मा लावून वाचलं त्यांनी, "मग ह्याला नको," म्हणून स्वतःच कॅन परत कपाटात ठेवला. "तुम्ही वाचून सांगा कुठलं, आपण भरू."

९ फेब्रुवारी

आठवडाभर रात्री जेवण झालं की हेच काम. मॅन्युअल, ऑईलवाल्यांच्या डेटाशीट, मर्सिडीजच्या ऑईल मंजुरीच्या याद्या. जे समजलं ते इथं लिहून ठेवते, नाहीतर सहा महिन्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. १५डब्ल्यू ऑईलची स्टार्टिंगची टेस्ट उणे २० डिग्रीला घेतात, १०डब्ल्यू ची उणे २५ ला, ५डब्ल्यू ची उणे ३० ला. आमच्याकडं डिसेंबरात पहाटे फार तर दहा-बारा डिग्री होतं. म्हणजे ५डब्ल्यू मुळं स्टार्ट करताना मिळणारा फायदा कोल्हापुरात मला कधीच वापरता येणार नाही. वाईट काहीच नाही त्यात, फक्त ज्या गोष्टीचे पैसे देतोय ती लागत नाही.

दुसरा आकडा १०० डिग्रीला ऑईल किती घट्ट राहतं त्याचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण खरी गंमत तिसऱ्या आकड्यात आहे जो डब्याच्या पुढच्या बाजूला कधीच छापत नाहीत, एचटीएचएस. १५० डिग्रीला, बेअरिंगमध्ये जोरात रगडलं जात असताना, ऑईल किती घट्ट राहतं ते. क्रँकच्या बेअरिंगला १०० डिग्रीच्या शांत आकड्याशी देणंघेणं नाही, त्याला हा आकडा लागतो. आणि इथं मला माझंच मत बदलावं लागलं. मी पण काकांसारखंच धरून चालले होते की ५डब्ल्यू-३० म्हणजे पातळ, म्हणून प्रेशर कमी. पण २२९.५१ वाल्या ऑईलला एचटीएचएस किमान ३.५ ठेवावाच लागतो, आणि ५डब्ल्यू-४० ला पण किमान ३.५ च आहे. १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७. म्हणजे मामांच्या गाडीतलं ऑईल "पाण्यावानी" नव्हतंच. काटा निम्म्यावर यायला एवढा फरक पुरत नाही. मग काटा का पडतोय? हे आधी शोधायचं, ऑईल नंतर.

चौथी गोष्ट मंजुरीचा नंबर. मर्सिडीजचे २२८ नं सुरू होणारे नंबर मोठ्या डिझेलचे, ट्रक-बस, आणि २२९ वाले कारचे. पुढचा .१, .३, .५ म्हणजे चढती पायरी. शेवटी .३१ किंवा .५१ असेल तर कमी राखेचं ऑईल, जे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाड्यांसाठी काढलंय, कारण ऑईलमधली राख त्या फिल्टरात साठून तो चोंदतो. माझ्या गाडीला डीपीएफच नाही. राख कमी करायची म्हणजे ॲसिड मारणारी आणि इंजिन धुणारी द्रव्यंही कमी करावी लागतात, कारण राख त्यांचीच होते. ॲसिड मारायची ताकद मोजतात त्याला टीबीएन म्हणतात. ऑईलच्या युरोपीय वर्गवारीत कमी राखेच्या सी३ वर्गाला टीबीएन किमान ६ चालतो, पूर्ण राखेच्या ए३/बी४ वर्गाला किमान १० लागतो. एवढा मोठा फरक. म्हणजे मामांनी दोन वर्षं महागडं ऑईल घातलं पण ते त्यांच्या गाडीत नसलेल्या एका पार्टची काळजी घेत होतं.

ह्या जुन्या प्री-चेंबर डिझेलांना (ज्यात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेट घेतं) २२८.१, २२८.३ पण चालतात आणि २२९.१, २२९.३ पण. ट्रकचं ऑईल कारमध्ये घालायला बऱ्याच जणांना कसंतरी वाटतं, मला उलट पटलं. प्री-चेंबर इंजिनात काजळी भरपूर, ती ऑईलमध्ये येते, आणि ट्रकच्या ऑईलचं मुख्य कामच काजळी तरंगत ठेवायचं, तिचा गोळा होऊ द्यायचा नाही. शिवाय ह्या इंजिनाचा डिझेल पंप इनलाइन आहे, त्याचा खालचा कॅमशाफ्टचा भाग इंजिन ऑईलवरच चालतो. व्हॅक्यूम पंपाला पण तेच ऑईल. म्हणजे एकाच ऑईलवर किती जण जगतात बघा, बेअरिंग, कॅम, हायड्रॉलिक टॅपेट, टायमिंग चेन, डिझेल पंप, व्हॅक्यूम पंप.

१६ फेब्रुवारी, किमी २,८७,६३०

आजचा दिवस सगळा प्रेशरवर गेला आणि सार्थकी लागला.

काकांकडं मेकॅनिकल गेज आहे, पितळेचं, ट्रकच्या कामासाठी घेतलेलं. ऑईल फिल्टरच्या हाऊसिंगवर प्रेशरचा सेंडर असतो, डॅशबोर्डच्या काट्याला आकडा पाठवणारा, तो काढून त्याच जागी ॲडॅप्टर लावून गेज जोडलं. ॲडॅप्टर मिळेना म्हणून काकांच्या पुतण्यानं लेथवर अर्ध्या तासात करून दिला, उद्यमनगरला राहण्याचा हाच फायदा. गाडी पन्हाळ्यापर्यंत नेऊन गरम करून आणली होती.

गरम आयडल, तीच गाडी, तेच ऑईल. डॅशबोर्डवर सकाळी ०.६ दाखवत होतं. गेजवर १.१.

परत परत बघितलं. रेस केल्यावर ३ च्या पुढं सहज जातंय. ह्या इंजिनाला गरम आयडलला किमान ०.३ बार चालतं असं मर्सिडीजचंच म्हणणं आहे, आपल्याकडं त्याच्या तिपटीपेक्षा जास्त आहे. म्हणजे इंजिन बरोबर, ऑईल पंप बरोबर, सेंडर खोटं बोलतोय. काकांनी जुना सेंडर हातात घेऊन हलवला, म्हणाले, "बरं झालं ताई, मोजलं. न्हायतर आपण २०-५० टाकून काटा वर आणला असता आन खूश झालो असतो." मला हे वाक्य लिहून ठेवायचंच होतं. पन्नास वर्षं काम केलेला माणूस समोर पुरावा आला की एका मिनिटात मत बदलतो, हे मी फार कमी ठिकाणी बघितलंय.

सेंडर मागवलाय.

२३ फेब्रुवारी

ठरलं. १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४, आणि डब्यावर एमबी २२८.३ ची मंजुरी. शेल रिमुला आर४ एक्स घेतलं. मोबिल डेलव्हॅक एमएक्स पण ह्याच यादीत बसत होतं, दुकानात ज्याची तारीख ताजी होती ते उचललं. मोबिल १ चं ०डब्ल्यू-४० पण मनात होतं, २२९.५ ची मंजुरी आहे त्याला, उत्तम ऑईल आहे, पण माझं पहिलं ऑईल मी दोन हजार किलोमीटरला ओतून टाकणार आहे, आत साचलेला मळ धुवून काढायला, आणि एवढं महाग ऑईल घातलं की माणूस ते लवकर काढायला धजत नाही. जुन्या डिझेलला मध्यम किमतीचं बरोबर ऑईल वेळेवर बदललेलं जास्त मानवतं, असं माझं मत झालंय.

सीआय-४ च्या नंतरचे सीजे-४ आणि सीके-४ पण बघितले. सीजे-४ पासून राखेवर १ टक्क्याची मर्यादा आली, परत त्या फिल्टरांसाठीच. सीआय-४ २००२ चं, माझ्या गाडीपेक्षा तरी नवीनच, आणि त्याला ती मर्यादा नाही. नवीन अक्षर म्हणजे आपल्या गाडीला जास्त चांगलं असं प्रत्येक वेळी नसतं.

एक महत्त्वाचं. डब्याच्या मागं दोन प्रकारे लिहिलेलं असतं. एक, "एमबी अप्रूव्हल २२८.३". दुसरं, "अमुक गाड्यांसाठी योग्य" किंवा "अमुक नंबरच्या गरजा पूर्ण करते". पहिल्यात मर्सिडीजनं ते ऑईल तपासून यादीत घेतलेलं असतं, दुसऱ्यात ऑईल बनवणारा स्वतः सांगत असतो. बाजारात फिरताना तीन डबे असे हातात आले ज्यांच्यावर नंबर मोठ्या अक्षरात होता आणि अप्रूव्हल हा शब्द नव्हता.

नकलीची पण भीती, म्हणून मोठ्या डीलरकडूनच घेतलं, बिलासकट. झाकणाचं सील, बॅच नंबर, तारीख तिथंच तपासली. दहा लिटरची बादली घेतली कारण इंजिनात सातच्या आसपास लागतं, उरलेलं वरून टाकायला.

२ मार्च, किमी २,८७,७९०

ऑईल बदली.

सकाळी वीस किलोमीटर फिरवून गाडी गरम केली, गरम ऑईल काजळी घेऊन बाहेर येतं. इंजिन फ्लशची बाटली काकांनी पण नको म्हटलं आणि मला पण नकोच होती. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षं चिकटलेला मळ एकदम सुटला तर तो संपातल्या (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यातल्या) जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा धुणारं ऑईल घालून हळूहळू.

खालचा बोल्ट काढला, अर्धा तास ठिबकू दिलं. मोजून ५.८ लिटर निघालं, म्हणजे लिटरभर कमीच होतं आत.

फिल्टर ह्या इंजिनात वरून निघतो. उभं हाऊसिंग, वरच्या झाकणाला दोन नट, झाकण उचललं की खाली लांब नळी येते त्याच्याबरोबर. ह्या नळीच्या टोकाला छोटी ओ-रिंग असते. ती हाऊसिंगच्या तळाशी असलेलं भोक बंद ठेवते, आणि झाकण उचललं की ते भोक उघडून हाऊसिंगमधलं ऑईल आपोआप संपात उतरतं, म्हणजे फिल्टर बदलताना सांडत नाही. किती विचार करून केलंय. पण आमची ओ-रिंग चपटी आणि दगडासारखी कडक, नखानं तुकडा पडला. म्हणजे गेली कित्येक वर्षं प्रेशरचं थोडं ऑईल तिथून परत संपात जात असणार, आणि गाडी उभी राहिली की हाऊसिंग रिकामं. रोज सकाळी पहिले तीन-चार सेकंद टॅपेट वाजत होते त्याचं कारण हेच असावं असा मला दाट संशय आहे. नवीन फिल्टरच्या पाकिटात ओ-रिंगा येतात, पण बरेच जण फक्त झाकणाची मोठी बदलतात आणि टोकाची विसरतात, कारण ती काळ्या ऑईलमध्ये दिसतच नाही. बोटानं चाचपून शोधावी लागते.

बोल्टला नवीन तांब्याचा वॉशर. साडेसहा लिटर भरलं, चालू करून बंद केलं, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघितली, मग थोडं थोडं करत सातला आणलं. नवीन सेंडर पण बसवला. पहिला स्टार्ट, काटा लगेच ३ वर. गरम झाल्यावर आयडलला १.३.

जळकं ऑईल कॅनमध्ये भरलं. शेजारच्या आजोबांनी कुंपणाच्या लाकडांना वाळवीसाठी मागितलं, आमच्याकडं सगळेच लावतात तसं. मी नाही दिलं. ते पावसानं धुवून विहिरीत जातं. एमआयडीसीत अधिकृत घेणारा आहे, त्याच्याकडं देणार. आजोबांना वाळवीचं औषध आणून दिलं.

८ मार्च

सहाच दिवसांत ऑईल काळं. मामांना फोटो पाठवला तर ते काळजीत. त्यांना समजावलं की ह्याचा अर्थ ऑईल खराब झालं असा नाही, काजळी धरून ठेवतंय. फिल्टर पेपरवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला. जुन्या ऑईलचा थेंब मधे काळाकुट्ट ठिपका आणि बाजूला स्पष्ट कडा, काजळी एका जागी बसलेली. नव्याचा सगळीकडं एकसारखा राखाडी पसरलेला. दोन्ही कागद जपून ठेवलेत.

२० एप्रिल, किमी २,८९,१५०

आंबोलीला जाऊन आलो, पाच जण, एसी चालू, बाहेर ३७ डिग्री. उतरलेला सगळा घाट परत चढून वर चहाला थांबलो तेव्हा आयडलला १.१. मला ह्याच परीक्षेचा निकाल हवा होता. ऑईल ह्यापेक्षा गरम माझ्या वापरात होणार नाही.

सकाळचा टॅपेटचा आवाज ओ-रिंग बदलल्यापासून एकदाही आला नाही.

वरून ४०० मिली टाकलं आतापर्यंत.

१८ मे, किमी २,८९,८६०

दुसरी बदली, २,०७० किलोमीटरला. तेच ऑईल. निघालेलं ऑईल हाताला मऊ, खर नाही. फिल्टरच्या घड्या कापून उन्हात पसरून बघितल्या, चमक नाही कुठं.

ऑईल जात होतं त्याचं एक कारण सापडलं. टॅपेट कव्हरचं गॅस्केट मागच्या बाजूनं कडक होऊन तिथून पाझर, गरम इंजिनावर पडून तिथंच वाळतं म्हणून जमिनीवर थेंब नाही. बदललं. सिंथेटिक घातल्यावर गळतं असं म्हणतात ना, मला वाटतं गळणारी जागा आधीचीच असते.

मामांशी थोडा वाद झाला. ते म्हणतात तीन हजाराला बदलायचं, टेल्कोत तसंच शिकलो. मी पाच हजार किंवा एक वर्ष म्हणतेय. त्यांची सवय चुकीची नव्हती मुळीच. गाडी आली तेव्हा आपल्या डिझेलमध्ये सल्फर भरमसाट होतं, सल्फर जळून ॲसिड होतं, ते ऑईल खातं, टीबीएन भराभर उतरतो. तेव्हा लवकर बदलणं हाच उपाय. मग बीएस३ ला ३५० पीपीएम झालं, बीएस४ ला ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ म्हणजे १० पीपीएम. गाडी तीच आहे पण तिच्या पोटात जाणारं डिझेल आता पूर्वीचं राहिलं नाही. मामा म्हणाले, "पुरावा दे." बरोबर आहे त्यांचं. पुढच्या वेळी लॅबला नमुना द्यायचा असं ठरलं, नव्या ऑईलचा पण थोडा बाटलीत काढून ठेवलाय.

१३ जुलै

पाऊस. गाडी आठवड्यात दोनदा बाजारापुरती, इंजिन नीट गरमच होत नाही. ऑईल भरायच्या झाकणाखाली पिवळट सायीसारखं दिसलं. कूलंट बघितलं, लेव्हल जागेवर, त्यात तेलाचा तवंग नाही. म्हणजे दमट हवेचं पाणीच. रविवारी तासभर हायवेला निपाणीपर्यंत नेऊन आणली, साय गेली. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एकदा तरी लांब न्यायची, वहीत लिहिलं. वर्षाची मर्यादा म्हणूनच ठेवायची, किलोमीटर कमी झाले तरी.

२ ऑक्टोबर, दसरा, किमी २,९३,१८०

मामा-मामी आले होते. गाडीला झेंडूचा हार, आपट्याची पानं डॅशबोर्डवर. मामांनी स्वतः डिपस्टिक काढून पुसून परत घालून बघितली, मग माझ्याकडं बघून मान हलवली. नंतर शेजारच्या सीटवर बसून रंकाळ्याला चक्कर. सिग्नलला थांबलो की त्यांची नजर काट्यावर, माझी त्यांच्यावर.

मेपासून वरून ८०० मिली, ३,३०० किलोमीटरमध्ये. हजाराला लिटरवरून हजाराला पाव लिटर. जे अजून जातंय ते व्हॉल्व्ह सीलमधून असणार, सकाळी स्टार्टला हलका निळसर धूर येतो कधी कधी. तेवढ्यासाठी आत्ता इंजिन उघडणार नाही.

१४ डिसेंबर, किमी २,९४,६४०

लॅबचा रिपोर्ट काल आला, नमुना गेल्या आठवड्यात दिला होता. ४,७०० किलोमीटर झालेलं ऑईल आणि बाटलीतलं नवं, दोन्ही.

१०० डिग्रीची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, नव्याची १४.६, वापरलेल्याची १३.९, म्हणजे अजून ४० च्याच वर्गात. टीबीएन नव्याचा १०.२, वापरलेल्याचा ७.४. लोखंड ३१ पीपीएम, सिलिकॉन ९, म्हणजे एअर फिल्टर धूळ आत सोडत नाहीये. डिझेल मिसळलेलं नाही. काजळी १ टक्क्याच्या आत.

मामांना व्हॉट्सॲपवर पाठवलं, मग फोनवर एकेक ओळ वाचून समजावली. टीबीएन पाच हजाराला ७.४ म्हणजे सात हजारापर्यंत ओढता येईल असं कोणी म्हणेल, पण ह्या गाडीला छोट्या चकरा आहेत, पावसाळा आहे, मी पाच हजारच ठेवणार. मामांचा थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "पाच हजार. चालेल. पण ओ-रिंग दर वेळी."

आज सकाळी साडेसहाला, बाहेर १३ डिग्री, ग्लो प्लगचा दिवा विझल्यावर अर्ध्या सेल्फात चालू. टॅपेट शांत. दुपारी काकांकडं तिसरी बदली केली, तेच ऑईल, फिल्टर, तांब्याचा वॉशर. टोकाची ओ-रिंग काकांनी मी सांगायच्या आधीच काढून माझ्या हातावर ठेवली. अजून मऊ होती, तरी बदलली.

नव्या बादलीत तीन लिटर उरलंय, झाकणावर आजची तारीख टाकून ठेवलीय. पुढची बदली २,९९,६०० ला किंवा पुढच्या डिसेंबरात.

दुकानात काकांकडं आज एक मुलगा जुनी डब्ल्यू१२४ घेऊन आला होता, त्याची पेट्रोल ई२२०, काटा खाली येतो म्हणून घाबरलेला. काकांनी त्याला कुठलं ऑईल घाल असं सांगितलं नाही. पितळेचं गेज आणायला पुतण्याला आत पाठवलं.